दार उघडणारे आईवडील

तीनच अल्बम काढून गेलेल्या निक ड्रेक या इंग्रज गायक-गीतकाराशी ऐकणाऱ्यांचं इतकं घरचं नातं कसं जुळतं, असा प्रश्न पडतो. १९७४ साली, २६व्या वर्षी तो गेला तेव्हा त्याला ऐकणारे मूठभरच होते. पुढे हेच चाहते इंग्लंडमधल्या टॅनवर्थ-इन-आर्डन या गावी त्याच्या आईवडिलांच्या दारात येऊ लागले. आणि त्या दोघांनी त्यांना आत घेतलं, त्याने घरी केलेली रेकॉर्डिंग ऐकवली, काहींना टेपच्या प्रतीसुद्धा दिल्या! पोरगा गेलेल्या घराला हे सोपं गेलं नसणार. माझ्या मते नात्याचं मूळ तिथे आहे. त्याचं 'पिंक मून' हे गाणं वापरणारी फोक्सवॅगन गाडीची गाजलेली जाहिरात आली ती तो गेल्यावर २५ वर्षांनी.

शिवाय मोठेपणीचा निक गाताना दिसेल असं चित्रीकरणच सापडत नाही, त्यामुळे ज्याचा त्याचा निक वेगळा. 'पिंक मून' हा अल्बम जेमतेम २८ मिनिटांचा. गिटार, आवाज, एका गाण्यात जरासा पियानो, बस्स. तो मी एकटाच ऐकतो. सोबत कुणी असताना लावला, की आपली डायरी दुसऱ्याच्या हाती लागल्यासारखं अवघडायला होतं.