बाबांचे सगळे मुद्दे खरे आहेत, तरी सही करा म्हणू का?

मुलुंड ईस्टला आमची सोसायटी, १९७८ ची, तळ अधिक तीन. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये सी-१ निघाली, म्हणजे रिकामी करून पाडायची. बाबा रीडेव्हलपमेंटला नाही म्हणतायत आणि खरं सांगायचं तर त्यांचं काहीच चुकीचं नाहीये, टॉवर झाला की लिफ्ट, पंप, सिक्युरिटी धरून मेंटेनन्स वाढणार, पेन्शनमध्ये कसं भागणार, बिल्डरने मधेच काम टाकलं तर तो बाहेर राहायला देतो ते भाडं बंद, आणि मागच्याच गल्लीत एक प्लॉट कित्येक वर्षं पत्रे लावून तसाच पडलाय. पण गेल्या आठवड्यात बाथरूमच्या स्लॅबचं प्लास्टर पडलं, आतल्या सळ्या गंजून फुगल्यात, बोट लावलं तर खपल्या हातात येतात. आई तिथेच कपडे धुते. बाबांना खोटं पाडायचं नाहीये मला, पण मग निर्णय घ्यायचा कसा?

परळकर:
मुद्दे मोजत बसू नका, त्यांचे चार आणि तुमचा एक म्हणून चारचं पारडं जड होत नाही. प्रत्येक मुद्द्याला विचारा, हे झालंच तर नंतर निस्तरता येईल का? मेंटेनन्स कॉर्पसच्या, म्हणजे बिल्डर देतो त्या एकरकमी पैशांच्या व्याजातून थोडाफार निघेल, भाडं थकलं तर भांडता येईल. स्लॅब आईच्या डोक्यावर आला तर काय निस्तरणार?

दहिसरची_मावशी:
पटलं, पण म्हणून बाबांचे मुद्दे बाद होत नाहीत हो. घर रिकामं करणं वेगळं आणि ह्याच बिल्डरला सही देणं वेगळं, आमच्या कमिटीने भीती घालून दोन्ही एकदमच गळ्यात मारलं आणि मग दोन वर्षं भाड्यासाठी खेटे घातले आम्ही. घर आधी सोडा. सहीच्या आधी विचारा, सहकारी संस्था कायद्याच्या ७९-अ कलमाखाली रीडेव्हलपमेंटचे नियम आहेत, त्यांत प्रोजेक्ट खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी (बिल्डर चुकला तर बँकेने पैसे भरायची हमी) सांगितलीय ती बिल्डरने दिली का? भाडं ताबा मिळेपर्यंत, असं ॲग्रीमेंटमध्ये आहे का? आणि २०१९ पासून ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, आधी ७५ लागायची, त्यामुळे बाबा नुसते अडून बसले तर प्रोजेक्ट होईलच आणि त्यांच्या अटी मात्र कुणीच मांडणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
मावशी, हे बाबांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले गॅरंटीचा कागद बघितल्याशिवाय सही नाही, पण घर सोडू. उद्या नवघर रोडला भाड्याची जागा बघायला जातोय, तळमजल्याची.