शेवटच्या दिवशीची चाचणी पुरेशी नाही

प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी चाचणी घेतली की मूल्यमापन झालं, असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग पाहा. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. ५ मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं. म्हणजे लगेच मोजलं तर कमी टिकणारी पद्धतच आपण निवडणार! चाचणी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा घ्याच. आणि शिक्षकांचं प्रशिक्षण असेल तर महिन्याभराने वर्गात मागे बसून एक तास पाहा. अभिप्रायाच्या फॉर्मवर ‘उत्तम’ लिहिणारे शिक्षक फळ्यापाशी काय वेगळं करतात, ते तिथेच कळतं.