पिकअपचा हीटर लावला की जळका वास यायलाय, आधी काय तपासू?

मानवतचा पिकअपवाला:
राम राम मंडळी. डिझेल पिकअप आहे, जुनी. पहाटे परभणीला भाजी आणि दिवसा जिनिंगला कापूस, अशी कामं चालतात. परभणीकडची पहाटेची थंडी तुम्हाला माहीतच आहे, हीटरशिवाय काच साफ राहत नाही अन् बोटं स्टिअरिंगवर आखडतात. पण हीटरचा फॅन लावला की थोड्या वेळानं डाव्या जाळीतून जळका वास येतो अन् डोळे चुरचुरतात. धूर दिसत नाही.
एका मेकॅनिकनं सांगितलं, हीटर कोअर गेलाय, सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागेल. दुसरा म्हणाला, जाडा फ्यूज टाकून बघू. गाडीवर घर चालतं, ती उभी ठेवणं परवडत नाही. या भागातला भरवशाचा ऑटो इलेक्ट्रिशियन कोणाला माहीत असेल तर तेही सांगा.

सेलूकर:
भाऊ, जाडा फ्यूज अजिबात टाकू नका. जास्त करंट जायला लागला की वायर तापायच्या आधी फ्यूज उडावा, यासाठीच तो असतो. फ्यूज जाडा केला की डॅशबोर्डच्या आत वायर जळत राहते अन् तुम्हाला पत्ताही लागत नाही. अन् मागं कापूस भरलेला! हीटर सध्या बंदच ठेवा.

एसटीतला जुना माणूस, चिकलठाणा:
माझी उमेदीची वर्षं एसटीच्या वर्कशॉपात गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.
तुमच्या गाडीच्या हीटरमध्ये आग नसते की तापणारी तार नसते. इंजिनचं गरम कूलंट एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं, तोच हीटर कोअर. त्यावरून ब्लोअर, म्हणजे हीटरचा फॅन, हवा ढकलतो. कोअर फुटला तर वास गोडसर येतो, काचेवर आतून चिकट धुकं बसतं, पायाखालचं मॅट ओलं होतं आणि कूलंटची पातळी उतरते. यातलं काही आहे का? नसेल तर डॅशबोर्ड उतरवायची घाई करू नका.
आता एक परीक्षा करा. इंजिन थंड असताना, स्टार्टर न मारता फक्त चावी ऑन करा. तापमानाचा खटका थंडवर ठेवा आणि ब्लोअर थोडा वेळ चालवा. इंजिन बंद असतानाही वास आला, तर दोष ब्लोअर मोटर, रेझिस्टर (फॅनचा स्पीड कमी करणारा भाग) किंवा वायरिंगमध्ये. नाही आला, पण इंजिन तापल्यावर येतो, तर बोनेटखाली बघा. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून ऑइल झिरपून गरम एक्झॉस्टवर पडलं की त्याचा वास वायपरखालच्या जाळीतून थेट केबिनमध्ये ओढला जातो. बाहेरची हवा बंद करायचा खटका असेल तर तो लावा. वास कमी झाला, तर तो बाहेरूनच येतोय असं समजा.
एक गोष्ट कळकळीनं सांगतो. डोळे चुरचुरतात असं लिहिलंत, डोकंही जड होतं का? एक्झॉस्ट फुटून त्याची हवा आत येत असेल, तर कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. डोकं दुखलं, मळमळलं, तर काचा उघडा, गाडी कडेला घ्या आणि बाहेर या.
फॅन सगळ्या स्पीडवर फिरतो का, तेही कळवा.

ट्रान्सपोर्टवाला, जिंतूर:
हीटर बंद ठेवूनही वास आला तर चाकांना हात जवळ नेऊन बघा, एखादा ब्रेक धरत असेल. घाटात क्लचचाही तसाच वास येतो.

मानवतचा पिकअपवाला:
काका, तुम्ही सांगितलं तसंच केलं. इंजिन बंद असतानाही वास आला. डोकं दुखत नाही, कूलंट जागेवर आहे, मॅट कोरडं. फॅन फक्त शेवटच्या स्पीडवर फिरतो, खालच्या स्पीडवर हालतही नाही.

एसटीतला जुना माणूस, चिकलठाणा:
मग रेझिस्टरच बघा. खालचे स्पीड तोच देतो. शेवटच्या स्पीडला करंट त्याला टाळून सरळ मोटरला जातो, म्हणून तेवढाच चालू राहिला. काम करताना रेझिस्टर चांगलाच तापतो, म्हणून तो हवेच्या वाटेतच बसवलेला असतो. कापसाचे तंतू, लिंबाचा पाला, उंदरानं नेलेलं भुसकट त्याच्यावर साचलं की करपतं.
बॅटरीची मायनस केबल काढा. ग्लोव्ह बॉक्स खाली घेतला की बहुतेक गाड्यांत ब्लोअरच्या घरट्यावर तो दोन स्क्रूवर बसलेला दिसतो. त्याला वायर जोडणारा प्लास्टिकचा कपलर बघा, तो तपकिरी झालाय का, पिन सैल आहेत का.

मानवतचा पिकअपवाला:
काढला. कॉइलवर कापसाचा काळा पडलेला बोळाच होता! कपलरची एक बाजू वितळली आहे. नवा रेझिस्टर घातला की झालं ना?

एसटीतला जुना माणूस, चिकलठाणा:
नाही, कपलरही बदला. सैल पिनेवरच उष्णता होते, जुन्या कपलरमध्ये नवा रेझिस्टर पुन्हा जळेल. ब्लोअरचा पंखा हातानं फिरवून बघा. तो मोकळा, बिनआवाज फिरला पाहिजे. मोटरचं बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) धरलं असेल तर मोटर जास्त करंट ओढते आणि मूळ कारण तेच असतं. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर लिहिलेल्या अँपिअरचाच फ्यूज ठेवा.

सेलूकर:
वायपरखालच्या जाळीला आतून बारीक तारेची जाळी लावून घ्या, पावसाचं पाणी निघायची वाट मोकळी ठेवून. जिनिंगला कापूस उतरवताना ब्लोअर बंद ठेवा. अन् इलेक्ट्रिशियनचं म्हणाल तर सेलूत माझ्या ओळखीचा एक जण आहे, कपलरच्या पिना वायरवर नीट दाबून, क्रिम्प करून देतो, नुसती टेप गुंडाळत नाही. मेसेजमध्ये पत्ता पाठवतो. जाताना जुना रेझिस्टर सोबत न्या, पिनेची मांडणी जुळवून घ्यावी लागते.