मदत हवी आहे: शनिवारवाडा ते पाताळेश्वर, मधे टेकायला जागा

वय ६८, एकटीच फिरते. गुडघ्यांमुळे सपाटीवर सावकाश चालता येतं, पण जिने नकोसे होतात. काल शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती आणि तिथून नदीकाठचं ओंकारेश्वर असं केलं. ओंकारेश्वराच्या आवारात बरं वाटलं, पण दुपारी पाय बोलायला लागले आणि पलीकडचं पाताळेश्वर राहूनच गेलं. परवा तेवढ्यासाठी पुन्हा येणार आहे, सोबत ओंकारेश्वरही निवांत बघायचं आहे.

जवळच्या अंतराला रिक्षावाले नाही म्हणतात, मीटरचं तर नावच नको. अ‍ॅपवरून गाडी मागवून पाहिली, पण पेठेतल्या बोळात ती पोचेपर्यंत मीच दमले. बालगंधर्व पुलावरून चालत जाता येईल, पण भर उन्हात नको. हॉटेलात एका चहावर फार वेळ बसू देत नाहीत, आणि गर्दीच्या वेळी ते बरोबरही आहे. मुक्काम हडपसरला भाचीकडे, त्यामुळे दुपारी परत जाऊन येणं जमणार नाही.

संभाजी उद्यान सुचवाल, पण मला बाकापेक्षा सावली, पंखा आणि स्वच्छ स्वच्छतागृह हवं आहे, पायऱ्या न चढता. थोडे पैसे द्यायची तयारी आहे.

तर साधारण एक ते चार या वेळात ओंकारेश्वर किंवा जंगली महाराज रस्त्याच्या आसपास अशी बसायची जागा कुठे आहे? आणि महापालिका मेट्रो स्थानकावर उतरलं तर लिफ्टने थेट रस्त्यावर येता येतं का, की शेवटी जिना लागतोच?