खाजगी संगीतशिक्षकांच्या संघटनेविषयी मार्गदर्शन हवे आहे

सप्रेम नमस्कार. मी मिरजेत गेली १८ वर्षे घरी गायनाचे वर्ग घेते. १९३१ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळामुळे प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या संगीत परीक्षांची वाट आम्हां शिक्षकांना आखून मिळते. परंतु शुल्क, सुट्ट्या, आजारपण या रोजच्या प्रश्नांत प्रत्येक जण एकटाच असतो. गेल्या महिन्यात मुलगी तीन वर्गांना आली नाही म्हणून एका पालकांनी तेवढी रक्कम कापून पाकीट हाती ठेवले. त्या तिन्ही संध्याकाळी तंबोरा जुळवून मी तिची वाट पाहत बसले होते, हे मला त्यांना सांगता आले नाही.

आता आम्ही नऊ शिक्षक संघटना स्थापन करू इच्छितो. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यासाठी किमान सात सभासद लागतात, ती अडचण नाही. चुकलेल्या वर्गाचा समान लेखी नियम असावा आणि कोणी आजारी पडल्यास दुसऱ्याने त्याचे विद्यार्थी सांभाळून विश्वासाने परत सोपवावेत, अशी आमची अपेक्षा आहे. सर्वांवर एकच शुल्क लादणे मात्र मला योग्य वाटत नाही, कारण प्रत्येकाची तालीम आणि अनुभव वेगळा असतो.

आपल्यापैकी कोणी अशी संघटना चालवली असल्यास नियमावली कशी लिहिली, वार्षिक वर्गणी किती ठेवली, आणि विशेषतः एखाद्या सभासदानेच नियम मोडल्यास काय केले, हे कृपया सविस्तर कळवावे.