खोडरबर घरीच ठेवा
बाहेर बसून चित्र काढताना इमारती वाकड्या येतात आणि निम्मा वेळ खोडण्यात जातो, अशी तक्रार ऐकू येते. मी तर म्हणेन, खोडरबर घरीच ठेवा आणि थेट शाईच्या पेनाने सुरुवात करा. खोडायची सोयच नसली की हात आपोआप सुटतो. रेष चुकली तर शेजारी दुसरी ओढायची, पहिलीही राहू द्यायची. चित्राला जिवंतपणा येतो तो बहुतेक अशा दुहेरी रेषांनीच.

वाईजवळ मेणवलीच्या घाटावर जाऊन बघा. पायऱ्या मोजत बसलात तर संपलंच! आधी सावलीचे पट्टे टाका, दोन-चार पायऱ्यांच्या कडा दाखवा. बाकीच्या बघणारा मनाने भरून घेतो. साधी फाउंटन पेनची शाई पाण्याने पसरते, त्यामुळे ओलं बोट फिरवलं की सावली तयार (वॉटरप्रूफ शाईत ही मजा नाही). धुणं धुणारी बाई वाकून उठेपर्यंत पाठीचा बाक आणि खोचलेला पदर एवढंच हाती लागतं, आणि तेवढं पुरतं. वसईच्या मोहिमेतून आलेली तिथली मोठी घंटा मात्र जरा निवांत काढा.

आणि हो, पोरं मागे येऊन ‘काका, माझं काढा ना’ म्हणतातच. काढावं. ती स्थिर बसत नाहीत, हाच तर खरा सराव.