प्रयोगशाळेतला वेळ वाया जात नाही

"शल्यविशारदाने शस्त्रक्रिया कराव्यात, संशोधन इतरांवर सोडावं" हे मत मला अजिबात पटत नाही. फुप्फुस प्रत्यारोपणाचंच घ्या. अमेरिकन शल्यविशारद जेम्स हार्डी यांनी १९६३ मध्ये माणसावर पहिलं प्रत्यारोपण केलं, रुग्ण १८ दिवस जगला. पुढची वीस वर्षं जगभर प्रयत्न होत राहिले, पण दीर्घकाळ टिकणारं यश हाती येईना. हात कुशल नव्हते असं नाही. श्वासनलिकेचा जोड भरून येत नव्हता, तो सुटायचा.

कॅनडातल्या टोरांटोत शल्यविशारद जोएल कूपर आणि सहकाऱ्यांनी याचं कारण कुत्र्यांवरच्या प्रयोगांत शोधलं. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिलेली स्टेरॉइडंच जोड कमकुवत करत होती! त्याच कामाच्या सायक्लोस्पोरिन या दुसऱ्या औषधाने तसं होत नव्हतं. शिवाय पोटातला ओमेंटम, म्हणजे रक्तवाहिन्यांनी भरलेला चरबीचा पडदा, वर ओढून जोडाभोवती गुंडाळला की तिथे रक्तपुरवठा लवकर सुरू होतो, हेही दिसलं. १९८३ मध्ये त्यांनी केलेलं एका फुप्फुसाचं प्रत्यारोपण यशस्वी झालं, तो रुग्ण पुढे काही वर्षं जगला.

कूपर नंतर अमेरिकेतल्या सेंट लुईसला गेले. तिथे एम्फिसीमा या श्वसनाच्या आजारात फुगलेल्या फुप्फुसाचा भाग कापून काढण्याची शस्त्रक्रिया त्यांनी पुढे आणली. तिची मोठी चाचणी अमेरिकेत झाली, निष्कर्ष २००३ मध्ये आले: आजार मुख्यतः वरच्या भागात आणि व्यायामक्षमता कमी, अशा रुग्णांचं आयुष्य वाढलं. काही गटांत मात्र धोकाच जास्त निघाला. कोणाला टेबलावर घ्यायचं नाही, हे त्या चाचणीमुळेच कळलं.